पाऊण ओहम

आमच्या सिल्वासात आगगाडी नाही. सर्वांत जवळचे स्थानक वापी. तेही सतरा-अठरा किलोमीटरांवर आणि गुजरातच्या हद्दीत. १९५४ साली पोर्तुगीज गेले, १९६१ साली प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला, पुढे कारखाने आले, २०२० साली दमण आणि दीव यांच्याशी आमचा कारभार एक झाला. रूळ मात्र आले नाहीत. ज्या गावी गाडी नसते तिथल्या मुलांना गाडीचे वेड अधिक असते, असे आमचे जुने निरीक्षण आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे दादा म्हणत, हे त्याचे ठळक उदाहरण. रविवारी सायकल मारत वापी गाठायचे, फलाटाच्या टोकाशी उभे राहून दोन-तीन गाड्या पाहायच्या आणि अंधार पडायच्या आत परत यायचे, हा त्यांचा शाळकरी वयातला नेम होता. कधी आम्हांलाही मागे बसवून नेत. आम्ही गाडी पाहत असू. दादा रुळांकडे पाहत.

पुढे दादा पदविका घेऊन रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागले आणि आम्ही पदवीनंतर महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्यात लेखापरीक्षणाच्या कामास लागलो. एका भावाने आयुष्यभर तारा तपासल्या, दुसऱ्याने वह्या. दादा २०१२ साली निवृत्त झाले व सिल्वासाच्या जुन्या घरी आले. आम्ही २०१८ साली आलो. तोवर घराच्या मागल्या खोलीत, जिथे आजोबांच्या काळी भाताची कणगी असे, तिथे आगगाडी आली होती.

ही गाडी म्हणजे बाजारात मिळणारे, किल्ली दिली की गोल फिरणारे खेळणे नव्हे. खोलीच्या तीन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीवर प्लायवूडचा ओटा, त्यावर दुहेरी रूळ, पूल, बोगदा, छोटेसे स्थानक आणि शेवटच्या कोपऱ्यात गाडी उलट फिरून यावी म्हणून वळसा. प्रमाण सत्याऐंशीस एक. रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे अंतर युरोपातल्या रुंदीचे आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला सत्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस येतात, म्हणजे दादांची भारतीय रेल्वे पावणेतीन मिलिमीटरने अरुंद रुळांवर धावत होती. हा फरक आम्ही एकदा त्यांच्या निदर्शनास आणून दिला. ते म्हणाले, "लेखापरीक्षक आला बघा." डब्यांपैकी दोन त्यांनी परदेशी बनावटीच्या दुमजली डब्यांना रंग देऊन फ्लाइंग राणीसारखे केले होते. खऱ्या राणीला दुमजली डबे १९७९ साली लागले आणि २०२३ च्या जुलैत निघाले. आमच्या मागल्या खोलीत ते अजून आहेत.

आम्ही या साऱ्याकडे पोरखेळ म्हणून पाहत असू, हे कबूल केले पाहिजे. तोंडावर बोललो नाही. पण माणूस न बोलताही पुष्कळ सांगून जातो.

दादा २०२२ साली गेले. खोलीला कुलूप लागले. पुतण्या जर्मनीत असतो. घर पाडून नवे बांधावे असे त्याच्या मनात आहे आणि त्यात गैर काही नाही, कारण छप्पर दर पावसाळ्यात नवा हिशेब मागते. गेल्या वर्षी पाऊस उतरल्यावर वहिनींनी कुलूप काढले आणि आम्हांस बोलावणे पाठवले. म्हणाल्या, "भाऊजी, मोडायच्या आधी एकदा राणी पूर्ण फिरवून दाखवा. ह्यांच्या हातून ती कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथे मरायची. शेवटची दोन वर्षे ते त्याच कोपऱ्याशी वाकून बसायचे."

आम्ही इंजिनाला दोष दिला. ज्याला विषय कळत नाही तो नेहमी इंजिनालाच दोष देतो. इंजीन काढून दाराजवळच्या रुळावर ठेवले. ते उत्तम धावले. कोपऱ्यात नेले, कण्हत थांबले, दिवे मिणमिणले. दुसरे इंजीन, तीच गत. तेव्हा कुठे आम्हांस वापीच्या फलाटावरचे दादा आठवले आणि पुण्यातला एक प्रसंगही.

आम्ही काही काळ पुण्यात बदलीवर होतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. आपल्याकडे या छंदाचे सार्वजनिक दर्शन घडवणारे असे स्थान दुसरे आमच्या पाहण्यात नाही. दादा सुट्टीत आले तेव्हा त्यांना तिथे नेले. दिवस मावळल्यासारखा प्रकाश मंद झाला, इवल्या गावातले दिवे लागले, गाड्या एकमेकींना ओलांडून धावू लागल्या, सर्कशीचा तंबू उजळला. भोवतालची मुले टाळ्या पिटत होती. आमचे बंधू मात्र गुडघ्यांवर हात टेकून ओट्याच्या खाली पाहण्याच्या खटपटीत होते. आम्ही संकोचून त्यांचा सदरा ओढला, तर म्हणाले, "अरे, गाडी वर दिसते. रेल्वे खाली असते."

तर आम्ही मागल्या खोलीत ओट्याखाली शिरलो. वय पासष्ट, कंबर सरकारी खुर्चीने घडवलेली. विजेरी दातांत धरून उताणे पडलो आणि दादांच्या रेल्वेचे प्रथमच दर्शन घेतले.

इथे थोडे समजावून सांगणे प्राप्त आहे. पूर्वीच्या छोट्या गाड्यांत रुळांमध्ये थेट वीज सोडत. बटण फिरवले की व्होल्ट वाढत, गाडी वेग घेई. दिशा उलटवली की गाडी मागे येई. रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही धावत. शासकीय भाषेत सांगायचे तर सर्वांना एकच परिपत्रक. हल्लीची डिजिटल पद्धत निराळी. तिचे मूळ जर्मनीतल्या लेन्झ यांच्या योजनेत असून १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिच्या आधारे सर्व कंपन्यांसाठी समान मानक ठरवले. या पद्धतीत रुळांत पूर्ण दाबाची वीज कायम असते, साधारण पंधरा व्होल्ट, आणि ती सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटते. पालटण्याचा कालावधी आखूड की लांब, यातच हुकूम दडलेला असतो. वीज एका दिशेला सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी अठ्ठावन्न भाग टिकली आणि मग तितकीच उलट्या दिशेला, तर तो एक. शंभर किंवा अधिक भाग टिकली तर तो शून्य. अशा एक-शून्यांच्या ओळीत आधी इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चकती असते, ती आपल्या नावचा कागद तेवढा उचलते आणि बाकीचे पुढे जाऊ देते. नावनिशीवार आदेश, म्हणा ना.

म्हणजे त्या दोन रुळांतून अन्नही जाते आणि आज्ञाही जाते; तिसरी वाट नाही. सांध्यावर मळ आला, जोड ढिला झाला, तर दोन्ही एकदम अडतात. आणखी एक गंमत अशी की, वीज पुरेशी आहे पण हुकूम बिघडून पोचला, तर इंजीन थांबत नाही. ते मागच्याच हुकमावर चालत राहते. सदतीस वर्षांच्या शासकीय सेवेनंतर आम्हांस हे फार ओळखीचे वाटले.

आता रूळ कशाचा असतो पाहा. त्या धातूला इंग्रजीत चांदीचे नाव आहे आणि आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात. वहिनींच्या देवघरातली जुनी ताम्हणे त्याचीच. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त. गंजत नाही म्हणून रुळाला चांगला, पण वीज वाहून नेण्याच्या बाबतीत तांब्याच्या पंधरा-वीस पट चिवट. शिवाय रुळांचे तुकडे जिथे जोडतात तिथे चिमुकली जोडपट्टी सरकवलेली असते. नवी असते तोवर ती घट्ट धरते. पावसाळे गेले, लाकूड फुगले-आकसले, रंगाचा थेंब आत गेला, की ती रूळ सरळ ठेवते पण वीज पुढे देत नाही. म्हणून जाणते लोक विजेसाठी रुळांवर विसंबत नाहीत. ओट्याखालून तांब्याच्या दोन जाड तारा शेवटपर्यंत नेतात आणि दर तीन फुटांवर त्यांतून बारीक तारा वर काढून प्रत्येक रुळाला डाख देऊन जोडतात. परदेशी पुस्तकांत यांना बस आणि फीडर म्हणतात. दादांच्या वहीत त्यांना पाट आणि चारी म्हटले आहे. मधुबन धरणाच्या कालव्यांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला याहून नेमके शब्द सुचणार नाहीत. पाटाच्या शेपटाकडे पाणी का पोचत नाही, याचे अर्ज आम्ही नोकरीत ढिगाने पाहिले होते. इथे तोच अर्ज राणीने केला होता.

दादांना हे सारे परके नव्हते. खऱ्या रेल्वेतही रुळांतून वीज खेळवतात. रुळांच्या एका टप्प्याला दोन्ही टोकांशी विद्युतरोधक सांधे घालून वेगळे करायचे, एका टोकाला थोड्या दाबाची वीज द्यायची, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिच्या चाकांमधून वीज आडवी निघून जाते, रिले पडतो, सिग्नल लाल. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली काढलेली ही युक्ती. मधल्या साध्या सांध्यांवर फिशप्लेटच्या भरवशावर न राहता तारेचे बंध घालतात, आणि त्या बंधांची देखभाल हेच दादांचे अर्धे आयुष्य. पावसात खडी तुंबली की वीज खालच्या खाली गळते आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. मग भर रात्री घोंगडी घेऊन निघायचे. पण तार तुटली तरी सिग्नल लालच होतो, चुकून हिरवा होत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. "आमच्याकडे बिघाड खोटे बोलत नाही," असे ते म्हणत.

विजेच्या दोन राज्यांची गोष्टही ते रंगवून सांगत. मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. तीच पद्धत चर्चगेटकडून विरारपर्यंत होती आणि त्यापुढे आमच्या वापीकडे २५ हजार व्होल्टचा एसी. विरारची हद्द ओलांडणाऱ्या इंजिनाला दोन्ही पचवावे लागे. पश्चिम रेल्वेवरचे ते डीसीचे राज्य २०१२ साली संपले, नेमके दादांच्या निवृत्तीच्या वर्षी. मागल्या खोलीत त्यांनीही आधी साधा डीसी लावला होता. मग पुतण्याने जर्मनीहून तीन अँपिअरचे डिजिटल यंत्र आणले आणि त्यांनी सारे नव्याने मांडले.

विजेरी फिरवताना आम्हांस प्रथम जे दिसले ते असे. मुख्य तारा दोन्ही एकाच पिवळ्या रंगाच्या होत्या. कोणती कुठल्या रुळाची हे कळावे म्हणून दादांनी एकीला वीतभर अंतराने पूजेतल्या लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. आम्हांस आश्चर्य वाटले. लाल-काळ्याचा भेद आयुष्यभर पाळणाऱ्या सिग्नलच्या माणसाने दोन्ही तारा पिवळ्या का घेतल्या? आणि तार बोटांत घेतली तर ती बारीक, दाराच्या घंटीला लावतात तशी. पहिल्या भिंतीला चाऱ्या पुरेशा होत्या. दुसऱ्या भिंतीवर विरळ झाल्या. तिसऱ्या भिंतीवर एकही नव्हती. तो संपूर्ण भाग नुसत्या जोडपट्ट्यांवर लोंबकळत होता.

मोजणी केली. डिजिटल वीज इतक्या झपाट्याने पालटते की आमचा साधा मल्टिमीटर तिचा अचूक आकडा सांगू शकत नाही. दोन जागांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी. दाराशी पंधरा, कोपऱ्यात गाडी उभी असताना नऊ. खात्रीसाठी बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि मोटारसायकलचा दिवा घेऊन निराळ्या रीतीने मोजले. एका अँपिअरमागे सहा व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. म्हणजे दारापासून कोपऱ्यापर्यंत सहा ओहमचा रोध.

यात केवळ गाडी मंदावण्याचा प्रश्न नव्हता. या छंदात नाण्याची एक परीक्षा असते. यंत्र चालू असताना दोन रुळांवर आडवे नाणे टेकवायचे. यंत्राने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. दाराशी नाणे टेकवले तर लगेच टक् झाले. कोपऱ्यात टेकवले तर काहीच झाले नाही. हिशेब मांडला तेव्हा घाम फुटला. पंधरा व्होल्टला सहा ओहमने भागले की अडीच अँपिअर. यंत्राची तोडमर्यादा तीन. म्हणजे कोपऱ्यात डबा घसरून दोन्ही रूळ एक झाले असते तरी यंत्राला ते कळले नसते. ते इमानाने अडीच अँपिअर पुरवत राहिले असते आणि सदतीस वॅटची उष्णता, म्हणजे डाख देण्याच्या लोखंडाइतकी, त्या बारीक तारांत आणि ढिल्या सांध्यांत प्लायवूडला चिकटून निघाली असती. दादा त्या कोपऱ्याशी वाकून बसत ते उगाच नव्हे. बिघाड खोटे बोलू लागला होता.

दादांची वही खोलीतच कपाटावर होती. रेल्वेतल्या सवयीने रोजची नोंद, तारीख घालून. आम्ही २०१९ सालची पाने उलटत गेलो आणि तिथे टाचणीने लावलेली चिठ्ठी मिळाली. अक्षर दादांचे. "मुख्य तारेसाठी २.५ चौ. मिमी., बहुतारी, लाल १२ मी., काळी १२ मी. चारीसाठी ०.५ चौ. मिमी., ३० मी."

ही चिठ्ठी त्यांनी आम्हांस दिली होती. वाचताच सारा प्रसंग समोर उभा राहिला. आम्ही बाजारात निघालो होतो, त्यांनी चिठ्ठी हातात ठेवली. दुकानी गेलो. जाड तारेचा भाव ऐकला. एवढ्याशा खेळण्याला, जे तळहातावर मावते त्याला, घराच्या प्लगला लागते तसली तार कशाला, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि स्वतःच उत्तर देऊन बारीक तार तेवढी तीस मीटर घेतली, होती त्या रंगाची. दादांच्या पैशांत काटकसर केली म्हणून मनातल्या मनात शाबासकीही दिली असेल. गावाभोवतीच्या वसाहतीत तांब्याच्या सळया आणि तारा तयार होतात, त्या गावात बसून आम्ही तांब्याला कात्री लावली! नोकरीत असता मंजूर अंदाजपत्रकात परस्पर असा बदल करणाऱ्या सचिवाला आम्ही सोडला नसता.

चिठ्ठीखाली त्या दिवसाची नोंद होती. "वायर आली. बारीक आहे. भागवू."

ओट्याखाली बसून आम्ही आकडेमोड केली. सवय जात नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण सदतीस हजारांश ओहम रोध. जाण्यायेण्याची वीस मीटर धरली तर पाऊण ओहम. सहा ओहमपैकी पाऊण आमच्या नावे, सव्वापाच सांध्यांच्या नावे. आठवा हिस्सा. क्षणभर बरे वाटले. पण मग तीस मीटरांतली वीस मुख्य मार्गालाच खर्ची पडल्यावर चाऱ्यांना दहाच उरली, ती दुसऱ्या भिंतीवर संपली, आणि तिसरी भिंत जोडपट्ट्यांच्या हवाली झाली ती का, हेही त्याच खात्यात मांडावे लागले. ते सव्वापाच ओहम कोणाच्या नावे लिहायचे? ताळेबंद आम्ही दोनदा मांडला. दोन्ही वेळा तो जुळत नव्हता, म्हणून वही मिटली.

त्यांनी पुन्हा तार का मागितली नाही, हा प्रश्न उरतोच. बाजार फार लांब नव्हता. पण ज्याने आपला छंद न बोलता हास्यास्पद ठरवला, त्याच्याकडे माणूस दुसऱ्यांदा चिठ्ठी देत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठीबरहुकूम खरेदी केली. लाल बारा मीटर, काळी बारा मीटर, जाड, बहुतारी; बारीक तीसऐवजी चाळीस. डाख द्यायला मात्र येत नव्हते. बाजारातल्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पोराकडे तीन संध्याकाळी बसून शिकलो. त्याचे म्हणणे, काका, लोखंडाने डाख वितळवू नका, रूळ तापवा, डाख आपोआप ओढला जाईल. हे ऐकायला सोपे आहे. रुळाखालचे स्लीपर प्लॅस्टिकचे. लोखंड तीन सेकंद जास्त टेकले की ते लोण्यासारखे पाघळतात. पहिल्या भिंतीवरचे सात स्लीपर आम्ही असे वितळवले, त्यांवर आता खडी पसरली आहे. रूळ आधी बारीक पॉलिश कागदाने घासायचा, राळेचा लेप लावायचा, तारेचे टोक आधीच कल्हई केल्यासारखे डाखाने माखून ठेवायचे, ते रुळाच्या बाहेरच्या अंगाला टेकवायचे, म्हणजे चाकाची कड त्यावर आपटत नाही. दोन मार्ग, दर तीन फुटांस एक जागा, बावीस जागा, प्रत्येकी दोन रूळ, चव्वेचाळीस डाख. कामाला पाच आठवडे लागले. दोन मुख्य तारा एकमेकींना सैलसर पिळा घालून नेल्या, त्याने एक-शून्यांची धार बोथट होत नाही असे दादांच्या वहीत होते. पिळा घालताना त्या लाल दोऱ्याच्या गाठी आठवल्या. आता त्यांची गरज नव्हती.

वळशापाशी एक जास्तीची अडचण आली. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर परत येते तेव्हा डावा रूळ उजव्याला भिडतो आणि आपणच आपले शॉर्ट सर्किट करतो. त्यासाठी वळशाचा भाग दोन्ही टोकांशी कापून वेगळा ठेवतात आणि एक छोटे यंत्र गाडी सांध्यावर येताच तिथली वीज उलटवते, इतक्या चपळाईने की गाडीला पत्ता लागत नाही. दादांनी रूळ कापलेही होते, यंत्र बसवलेही होते. ते कधी चालले नव्हते, कारण शॉर्ट झाल्याचे त्याला कळण्याइतकी वीजच तिथवर पोचत नव्हती. नवी तार जोडली आणि ते पहिल्या फेरीत चालले. आम्ही त्यास हातही लावला नव्हता. काम पुरे झालेले होते. तार तेवढी यायची होती.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी वहिनींना खुर्ची टाकून दिली. आधी नाण्याची परीक्षा. पाच रुपयांचे नाणे दर तीन फुटांवर टेकवत तिन्ही भिंती फिरलो, बावीस ठिकाणी टक् झाले. कोपऱ्यात व्होल्ट साडेचौदाच्या वर. मग दिवा मालवला. राणी स्थानकातून निघाली, पुलावरून गेली, दुसरी भिंत संपली, कोपरा आला. वहिनी किंचित पुढे झुकल्या, दादा झुकत तशा. गाडीने कोपरा ओलांडला. दुमजली डब्यांतले दिवे जराही हलले नाहीत. वळशात शिरली, फिरली, आणि तोंड आमच्याकडे करून परत येऊ लागली.

तीन फेऱ्या झाल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. चौथ्या फेरीला म्हणाल्या, "भाऊजी, या तारेला किती पडले?"

आम्ही सांगितले.

"आणि तेव्हा? दोन हजार एकोणीसला किती होती?"

आम्ही चिठ्ठीविषयी त्यांना अवाक्षर बोललो नव्हतो. वही तर आम्हीच परत कपाटावर ठेवली होती. आम्ही तोही भाव सांगितला. त्यांनी मान हलवली. राणी बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत बसून राहिल्या आणि मग चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.